आधी नळी, मग पाणी

मंग्यानं लिहिलं म्हणजे दोन-चार जणाईचे आवाज काढीन, कोणाची तरी फिरकी घेईन, असं समजून कोणी चहाचा कप घेऊन बसलं असन, तं बाप्पा, तो चहा आधी पिऊन घ्या. थंड होईन. आन ज्याईले वाटून राहिलं की मेलेल्या माणसावर लिहिलं म्हणजे 'त्यांच्या जाण्याने पोकळी निर्माण झाली' हे पहिल्याच ओळीत येईन, त्याईले सांगतो, पोकळी येणार आहे. पण ती पंपानं काढलेली. तिच्यासाठी आमी दोघं अख्खा उन्हाळा भांडलो.

झालं. आता तुमी सगळे जरा बाजूले व्हा. मले मामाशी बोलायचं आहे.

मामा, परवा तुमची तेरवी झाली. पंगतीत तुमच्याबद्दल लोकं जे बोलून राहिले होते, ते ऐकून मले वाटलं मी दुसऱ्याच्याच तेरवीले आलो. 'शांत माणूस होता', 'कोणाच्या अध्यात ना मध्यात'. कोण शांत? तुमी? माझ्याशी तं तुमी रबराच्या नळीच्या जाडीवरून पाऊण तास भांडले होते.

तुमी काही माझे सख्खे मामा नाही. कॉलेजच्या केमिस्ट्री लॅबमधे चौतीस वर्षं परिचर होते, तिथल्या सगळ्या पोट्ट्याईचे मामा. मी तं त्या कॉलेजची पायरीसुद्धा चढलो नाही. मी हिवरखेडचा, बारावीले केमिस्ट्रीत दोनदा आपटलेला, मग आयटीआय करून जठारपेठेतल्या फ्रिज-कूलरच्या दुकानात लागलेला. तुमच्या घरी पहिल्यांदा आलो तो मामीचा फ्रिज दूध नासवून राहिला होता म्हणून. फ्रिज उघडला तं वरच्या कप्प्यात दूध, खालच्या कप्प्यात कोथिंबीर, आन मधे काचेच्या चंबूत पिवळं पाणी. मी मामीकडे पाहिलं. त्या म्हणल्या, "त्याईले विचार. मी त्या कप्प्याले हात लावत नाही."

मी गॅस भरायले नळी जोडली आन मागून तुमी आले. बनियनवर, चष्मा कपाळावर. आन तुमचा तो आवाज. आधी घशात एक 'हं', मग जराशी जागा सोडून वाक्य.

"हं... व्हॅक्यूम नाही काढत?"

मी म्हटलं, "काका, घरगुती फ्रिजले एवढं नाही लागत. जराशी गॅस मारतो, आतली हवा आपोआप निघून जाते."

"हं... आपोआप कोण जाते बे? तू जातं का घरून आपोआप? मायनं ढकललं तवाच निघत असशीन."

मले असा राग आला! पण गेलो दुकानात, शेठच्या हातापाया पडून त्याच्या कुलपातला पंप आणला, पाऊण तास व्हॅक्यूम काढला, आन मग गॅस भरला. त्या दिवसापासून मी एकही फ्रिज व्हॅक्यूम काढल्याबिगर भरला नाही, मामा. शेठ म्हणते, मंग्या ढिला झाला. म्हणू द्या.

त्याच दिवशी तुमी मले मागची मोरी दाखवली. दुसऱ्याईच्या मोरीत बादली-घंगाळं असते. तुमच्या मोरीत कडप्प्याचा ओटा, फळ्यांवर बाटल्या, बाटल्याईवर तुमच्या बारीक अक्षरातल्या चिठ्ठ्या, आन दोरीवर मामीच्या साड्यांच्या बाजूले लटकलेल्या रबरी नळ्या. काचेच्या भांड्याले तुमी 'ती' म्हणत. "तिले गरमातून एकदम थंड्यात नको टाकू, घाबरते ती." मी हसलो तं म्हणले, "हसू नको. चौतीस वर्सांत माह्या हातून दोनच फुटल्या. दोघीची बी आठवण हाय मले."

मग मी विचारलं, हे सगळं कायले? आन तुमी एक डबा उघडून वाळलेली पानपिंपळी माझ्या हातावर ठेवली. "चाव."

चावली. जीभ अशी बधिर झाली की अर्धा तास माझ्या तोंडून कोणाचाच आवाज निघाला नाही. मंग्याले गप्प करणारे तुमी पहिले माणूस.

ती पिंपळी तुमच्या अंजनगावच्या मळ्यातली होती, थोरल्या भावानं, दादानं, लावलेली. तिच्यातला जो तिखटपणा आहे, तो स्पिरिटात उतरवून, साफ करून, त्याच्या पिवळ्या सुया काढता येतात, असं तुमी म्हणले. कॉलेजात दरवर्षी प्राध्यापक पोट्ट्याईकडून काळ्या मिऱ्याच्या काढून घेत. गाळणी लावली तुमी, नळी जोडली तुमी, पंप चालवला तुमी, आन कुपीवर चिठ्ठी लागे पोट्ट्याईच्या नावाची. तुमच्या वाट्याले भांडी.

"दादा म्हणते, चौतीस वर्सं बाटल्या धुतल्या, आता रिटायर होऊन घरी बी बाटल्याच धुवून राहिला." हे सांगताना तुमी हसत होते. पण हातातला चंबू तुमी तिसऱ्यांदा पुसून राहिले होते. तो कोरडाच होता. "एक कुपी, मंग्या. बोटभर. दादाच्या मळ्यातली पिंपळी, अन् चिठ्ठीवर माह्यं नाव. बस, त्याच्या हातात ठेवाची हाय."

अडलं होतं फक्त एका गोष्टीवर. मी म्हटलं, "चहासारखं गाळा नं मामा, त्यात काय?" तं तुमी समजावलं की सुयांसंगं चिकटाही येते. हळूहळू गळत बसलं की तो चिकटा सुयांवरच सुकते आन सगळा लगदा होते. ते खालून जोरानं ओढून घ्यावं लागते, वरून थंडगार स्पिरिटाचा एक हात मारून. म्हणजे व्हॅक्यूम पाहिजे. आन कॉलेजातला पंप कॉलेजात राहिला.

तिथून आपलं भांडण सुरू झालं.

तुमच्याजवळ पितळेचा वीतभर तुकडा होता, कंबर बारीक, बाजूले एक नाक. नळाले लावायचा. पाणी कमरेतून जोरात गेलं की नाकातून हवा ओढल्या जाते. ना वीज, ना तेल, ना आवाज. कॉलेजच्या भंगारातून तुमी तो रीतसर विचारून आणला होता. पण मामा, हे अकोला. आपल्या इकडे नळ पाच-सहा दिवसांनी येते! तुमी म्हणले, "मग त्याच दिवशी करू." नळाच्या दिवशी सकाळी अख्खी गल्ली ड्रम भरून राहिली होती, बाया हंड्यावर गुंड लावून राहिल्या होत्या, आन आपण मोरीत पाणी सोडून हवा ओढून राहिलो होतो. मामी दारात. "अहो, लोकं पान्यासाठी डोस्के फोडून राहिले, अन् तुमी प्याचं पानी मोरीत सोडून हवा कायची भरून राहिले?"

तुमी म्हणले, "भरून नाही, काढून राहिलो."

"काढा! घरातली बी काढा!"

पहिले दहा मिनिटं काय मस्त ओढलं त्यानं! पिवळा थर गाळणीत बसून राहिला होता, तुमी श्वास रोखून पाहून राहिले होते. तेवढ्यात समोरच्याईनं नळातलं पाणी ओढायले टिल्लू पंप चालू केला. त्याईचं पाहून बाजूच्याईनं. नळाचा जोर खटकन पडला, आन जे पाणी मोरीत जात होतं, ते उलटं फिरून नळीतून थेट चंबूत. खालचा सगळा रस गेला, आन मी घाबरून गाळणी उपटली तं वरच्या सुयाही गेल्या. दादाच्या पहिल्या पिंपळीचं वाटोळं.

तुमी फक्त बोट वर केलं. "हं... लक्षात ठेव. पाणी थांबवायच्या आधी नळी काढायची. नळी काढली की हवा आत जाते, मग काही उलटं येत नाही. आधी नळी, मग पाणी. म्हण."

मी म्हटलं, "आधी नळी, मग पाणी." ते मी शाळेतल्या पाढ्यासारखं रेकून म्हटलं. तुमी हसले. सैपाकघरातून भांडं आपटल्याचा आवाज आला.

मग कूलरच्या पंपाची अक्कल माझी. आपल्या इकडल्या माणसाले कूलरच्या पंपावर केवढा भरोसा! मे महिन्यात जीव वाचवते, तं व्हॅक्यूम काय चीज आहे? मी बादलीत पंप टाकला, त्याची नळी पितळी तुकड्याले जोडली, म्हटलं, तेच पाणी फिरन, मामीची कटकट खतम. बटन दाबलं. नाकावर बोट ठेवलं. काहीच नाही. दोन दिवस मी क्लिपा बदलल्या, टेप गुंडाळला, पंप बदलला. तिसऱ्या दिवशी तुमी चहा पित पित म्हणले, "हं... तो पाणी वर चढवते, मंग्या. त्याच्यात जोर नसते. कूलरचं गवत भिजवायच्या पलीकडे त्याले काही येत नाही."

"तुमाले पहिल्या दिवशीच माहीत होतं?"

"हौ."

"मग सांगतलं कावून नाही?"

"तुनं ऐकलं असतं?"

त्याच दिवशी तुमी तो डब्याचा खेळ दाखवला. तेलाच्या रिकाम्या पत्र्याच्या डब्यात जराशीक पाणी उकळलं, झाकण घट्ट लावलं आन वरून थंड पाणी टाकलं. डबा आपल्या डोळ्यांसमोर कडकड करत चेपला. मी म्हटलं, "बापरे, व्हॅक्यूमनं कसा आत ओढला!" तुमी मान हलवली. "व्हॅक्यूम काहीच ओढत नाही, पोट्ट्या. तो तं रिकामा हाय, तो काय ओढन? बाहेरची हवा ढकलते. आत कोणी राहिलं नाही की बाहेरचं सगळं आत घुसते." म्हणून चंबूच्या जागी मी सुचवलेल्या लोणच्याच्या बरणीले तुमी नाही म्हणत होते. जाड काचेचा, बगलेत नळी असलेला चंबूच पाहिजे, आन त्याले वरून मामीच्या जुन्या टॉवेलचं पांघरूण. आन माझ्या डोळ्यावर तुमचा चष्मा. मग तुमाले दिसे नाही आन मले गरगरे.

त्या डब्याच्या खेळानंतरच तुमी मले म्हणले होते, "तू सगळ्याईचे आवाज काढतं. शेठचा काढतं, एसटीतल्या कंडक्टरचा काढतं, तुह्या मामीचा बी काढतं, मी ऐकलं हाय. माह्यी नक्कल कर नं एखाद्या वेळी."

मी म्हटलं, "तुमची जमत नाही मामा."

खोटं होतं ते. तुमची तं सगळ्यात आधी जमली होती. पण तुमच्यासमोर काढली असती तं तुमाले कळलं असतं मी तुमच्याकडे किती पाहत राहतो ते. तो 'हं', त्याच्यानंतरची ती जागा, बोलता बोलता उजव्या हाताची दोन बोटं एकमेकांवर चोळायची सवय. एवढं कोणी कोणाचं पाहते का?

मग कॉम्प्रेसर. त्यावर आपलं भांडण अजून मिटलं नाही, मामा, आन तुमी मधूनच उठून गेले. एका गिऱ्हाइकाच्या भंगार फ्रिजमधला कॉम्प्रेसर मी काढला, त्याची ओढायची नळी चंबूले जोडली. काय ओढत होता! साध्या पाण्यावर आपण दोघांनी चालवून पाहिला, तुमीसुद्धा म्हणले, "हं... दम हाय." पण स्पिरिटाची गोष्ट आली तं अडून बसले. स्पिरिटाची वाफ आत जाईन, तेल पातळ होईन, जाम होईन, आन बंद मोरीत स्पिरिटाची वाफ आन विजेची ठिणगी एका जागी नको. चालवायचाच तं मधे बाटली लावायची, ती बर्फ-मिठात ठेवायची, वाफ तिथंच थिजन. मी म्हटलं, "भंगारातला आहे, जेवढा चालन तेवढा चालन." तुमी म्हणले, "भंगारातला हाय म्हणून त्याचं काहीही कराचं का?"

शेठचा पंप रविवारी गुपचूप आणतो म्हटलं, तं त्याले तुमी सरळ 'नाही' म्हणले. दुसऱ्याच्या वस्तूत आपली वाफ घालायची नाही.

त्या मधल्या बाटलीसाठी तुमी बर्फ आणायले गेले होते. वीस मिनिटांची गोष्ट. माझ्यानं वीस मिनिटं दम धरवला नाही. गाळणी लागलेली, दादाची दुसऱ्यांदा पाठवलेली पिंपळी चंबूत तयार, आन मी बटन दाबलं. आधी चांगला चालला. मग खडखडला. मग एक आचका दिला आन जाम. मोरीभर स्पिरिटाचा वास, आन नळीतून काळं तेल उलटं येऊन पिवळ्या रसात. भांबावून मी पुन्हा गाळणीच उपटली.

तुमी दारात बर्फाची पिशवी घेऊन उभे. पहिले तुमी बाहेरचं मेन स्विच पाडलं. मग खिडकी उघडली. मग मले दंडाले धरून अंगणात आणलं. मले वाटलं आता शिव्या बसतीन. तुमी माझे दोन्ही हात उलटे-सुलटे करून पाहिले.

"हं... लागलं नाही नं कुठी?"

बस, एवढंच. दोन दिवस मी तोंड दाखवलं नाही. तिसऱ्या दिवशी आलो तं तुमी कागदावर चित्र काढून ठेवलं होतं. ड्रम, त्यावर अर्धा एच.पी.ची मोटर, मोटरीले तो पितळी तुकडा, पाणी फिरून परत ड्रममधे. पाण्याची नासाडी नाही, तेल नाही, वाफ आली तं पाण्यात मुरन. मोटर माझी अन् पितळ तुमचं, असा तह झाला. फक्त एक गोष्ट होती. पाणी जेवढं थंड, तेवढी त्याची ताकद, आन अकोल्याच्या मे महिन्यात ड्रममधलं पाणी तं आंघोळीले काढल्यासारखं! म्हणून बर्फाची लादी.

तिसऱ्यांदा पिंपळी मागायले तुमी स्वतः अंजनगावले गेले होते. आले तेव्हा पिशवी ओट्यावर ठेवून म्हणले, "दादा म्हणे, हे आता शेवटचं. पुढं धंद्याची हाय." मग पंधरा दिवस एकटेच लागून होते तुमी. रस काढला, आटवला, साफ केला, आन मधल्या कप्प्यात ठेवला. एका सकाळी मले फ्रिज उघडून दाखवला. चंबूच्या बुडाले पिवळ्या सुयांचं जंगल. इतक्या बारीक, मामा, की मी श्वाससुद्धा दुसरीकडे सोडला.

"आता फक्त तुह्यी मोटर," तुमी म्हणले. "रविवारी येजो. सकाळी सकाळीच करू, पाणी थंड असते."

आता हे लिहायले मले जड जाऊन राहिलं. पण तुमाले दुसरं कोण सांगन?

मोटर तयार होती. बेअरिंग शनिवारीच टाकले होते. पण मित्राच्या ओळखीनं अमरावतीले एका मंगल कार्यालयात कार्यक्रम भेटला, माईक, स्टेज, दोनेकशे लोकं. तुमाले सांगतलं असतं तं तुमी 'जा' म्हणले असते. तेच तं. तुमाले विचारायची मले लाज वाटली, कारण स्टेजवर काय करणार होतो ते मले माहीत होतं. बडनेऱ्याच्या पुढे रिक्षात होतो आन तुमचा फोन आला. आन मी शेठचा आवाज काढला. नाकातून, अर्धी हिंदी.

"हां बोलो बाबूजी. वो मंग्या तो साइट पे गया, फोन दुकान में ही छोड के."

"हं... बरं. मोटर येणार होती आज."

"आज तो नहीं होगा बाबूजी. सीझन है."

"मी बर्फ आणून ठेवला होता. हरकत नाही. वितळन तं वितळन."

"हौ मामा, सांगतो त्याले," मी म्हटलं, आन फोन ठेवला.

आन संध्याकाळी स्टेजवर मी कोणाची नक्कल केली? तुमची. लॅबवाले मामा. तो 'हं', ती जागा, "तिले घाबरवू नको." लोकं खुर्च्यांवरून पडायचे राहिले होते. एवढं हसू मले कधीच भेटलं नव्हतं. तुमच्या मोरीत तेव्हा लादी वितळून मोरीतच वाहून गेली असन. सोमवारी यायची माझी हिंमत झाली नाही. मंगळवारी नळ आला. तुमी उठून आधी घरचं पाणी सोडून मोरीतला आपला ड्रम भरला म्हणे, मामी ओरडल्या, तुमी हसत येऊन खुर्चीवर बसले. आन तिथंच राहिले.

मामा, तुमी म्हणत होते तसंच आहे. ती मोरी काही मले ओढत नाही. बाहेरचंच सगळं ढकलून राहिलं.

काल मामीचा फोन आला. "मंग्या, ती पिवळी बाटली घेऊन जा. मले दूध ठेवाले जागा नाही." तेरा दिवस पाहुण्यांनी भरलेल्या घरात त्याईनं त्या कप्प्याले कोणाले हात लावू दिला नव्हता, आन आता म्हणे दुधाले जागा नाही.

मी मोटर घेऊन आलो. येताना लादी आणली. ड्रम तुमीच भरलेला होता, तेच पाणी. फोडून बर्फ टाकला. चित्र भिंतीवर होतं, तसं जोडलं. चंबूले टॉवेल गुंडाळला, तुमचा चष्मा डोळ्यावर घेतला, गरगरलं. आन हात असा थरथरून राहिला की गाळणीत कागदही सरळ बसे ना. शेवटचीच पिंपळी, तुमच्या हातची, आन मी दोन वेळा वाटोळं केलेला माणूस. तेव्हा, मामा, मी हात थांबवण्यासाठी तुमचा आवाज काढला. हळूच.

"हं... कागद ओला कर आधी. हं... आता मोटर. घाई नको, तिले बसू दे."

आन हात थांबला हो.

मोटर गुरगुरली, नाकावर बोट ठेवलं तं असं चिकटलं की सोडवून घ्यावं लागलं. चंबू ओतला. रस खाली सरसर गेला, वरून थंड स्पिरिट मारलं, तपकिरी चिकटा धुऊन गेला. गाळणीत राहिल्या नुसत्या सुया. हळदीच्या नाही, केशराच्या नाही, त्याच्या मधल्या कोणत्या तरी रंगाच्या. कोरड्या, चकचक. माझा आवाज मोठा झाला, मले कळलंच नाही. "हं... पाह्य! पाह्य मंग्या! एक नंबर!"

आन सैपाकघरातून मामी बोलल्या, "आता बाहेर या, चहा थंड होऊन राहिला!"

मग सगळं थांबलं. मोटर सोडून. मामीले कळलं काय बोलल्या ते, मले कळलं त्याईनं कोणाले हाक मारली ते. मी घाबरलो आन जे हाताशी लागलं ते केलं. बटन बंद केलं.

बटन, मामा. नळी नाही.

ड्रमातलं पाणी नळीतून धावत आलं आन खालच्या रसात भसकन घुसलं. गाळणी फक्त या वेळेस मी उपटली नाही. सुया वर होत्या, वर राहिल्या. मी नळीचं टोक हातात धरून उभा, आन दारात मामी. त्याईनं तेरा दिवसांत कोणासमोर तोंड उघडलं नव्हतं. ते काल उघडलं.

"आधी नळी, मंग पानी! मुडद्या, आधी नळी! चौतीस वर्सं हा मानूस झोपीत बी हेच बडबडे, मी सैपाकघरात राहून शिकली अन् तू इथं उभा राहून नाही शिकला? अन् त्याईचा आवाज काढून राहिला? लाज नाही वाटत? मी उठली नं, कप घेऊन उठली मी! अन् तुले काय वाटते, त्या दिवशी फोनवर शेठ बनला ते त्याईले समजलं नाही? फोन ठेवला अन् हसतच बसले. म्हने, शेठ मले बाबूजी म्हनते, मामा कवापासून म्हनाले लागला? मी म्हटलं, रागवा त्या पोट्ट्याले, बर्फाची लादी वाया गेली. तं म्हने, राहू दे, कुठीतरी लोकाईले हसवाले गेला असन. आता रडू नको तिथं! त्याच्यात पानी पडन! अन् पंख्याखाली नको ठेवू, उडन सारं. कुपी वरच्या फळीवर हाय, चिठ्ठी त्याईनंच लिहून ठेवली हाय. उद्या पहिल्या गाडीनं अंजनगावले जा, दादाईच्या हाती ठेव. अन् तठी कोनाचाच आवाज काढला तं तंगडं मोडीन तुहं. सोताच्या आवाजात सांगजो, हे त्याईनं काढलं म्हनून. समजलं? अन् तो चहा घे आधी. दोन कप हायेत."